माप आणि मोजणारा हात

माझी आजी शाळेची पायरी कधी चढली नाही. परंतु मापाविषयीचा पहिला धडा मला तिच्याकडूनच मिळाला. सुगीच्या दिवसांत ती खळ्यावर कामाला जात असे आणि मजुरी दाण्यांच्या रूपाने मिळत असे. मालकाचा माणूस पायली ज्वारीच्या राशीत खुपसून वर काढी, तिच्यावर उभी राहिलेली शीग तळहाताने ओढून राशीत परत टाकी आणि सपाट पायली आजीच्या पदरात ओती. पावसाळ्यात घरातले दाणे संपले की त्याच घरून उसनी ज्वारी आणावी लागे. तीही सपाट मापानेच मिळे. मात्र सुगीनंतर ती फेडायची वेळ आली, की पायली शिगोशीग भरून घेतली जाई. पायली तीच, ज्वारी तीच, खळेही तेच. आजी म्हणायची, "माप खोटं न्हाई बाबा, हात खोटा हाय."

पुढे मी पदार्थविज्ञान शिकलो आणि आज एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात तेच शिकवतो. 'मापनातील त्रुटी' हे प्रकरण दरवर्षी वर्गात शिकवताना आजीचे ते वाक्य आठवते. उपकरण निर्दोष असले म्हणून मापन निर्दोष ठरत नाही. मोजण्याची पद्धत काय आणि मोजणारा कोण, यांचीही परीक्षा घ्यावी लागते, हे त्या प्रकरणाचे सार आजीने एका वाक्यात सांगितले होते.

हा विषय या नियतकालिकाच्या वाचकांपुढे मांडण्याचे कारण साधे आहे. आपल्या निवेदनांत, मागण्यांत आणि प्रबंधांत आकडे असतात. आपली मागणी फेटाळतानाही समोरून आकडेच पुढे केले जातात. आकडा पुढे आला की आपल्यापैकी काही जण त्याच्यापुढे मान तुकवतात, तर काही जण 'सगळे आकडे खोटेच' म्हणून हात झटकतात. या दोन्ही वृत्ती सारख्याच घातक आहेत. आकडा कसा तयार झाला हे विचारता येणे, हीच त्याच्याकडे पाहण्याची शास्त्रीय दृष्टी होय.

शिगेचा हा अनुभव केवळ आपल्या खळ्यावरचा नाही. फ्रान्समध्ये १७८९ साली राज्यक्रांतीच्या तोंडावर गावोगावच्या लोकांनी राजाकडे आपल्या तक्रारी लिहून पाठवल्या. त्यांत जमीनदारांच्या मापांविषयीची तक्रार पुन्हा पुन्हा आढळते. जमीनदाराचा धान्याचा हिस्सा शिगेने घेतला जाई, मोठ्या मापाने घेतला जाई, आणि ते माप जमीनदाराच्याच ताब्यात असे. सर्वांना एकच माप असावे ही मागणी त्या असंतोषातून पुढे आली. १७९५ च्या कायद्याने मेट्रिक पद्धत ठरली आणि १७९९ मध्ये मीटर व किलोग्रॅम यांचे प्लॅटिनमचे प्रमाण-नमुने तयार झाले. भारताने १९५६ च्या कायद्याने ही पद्धत स्वीकारली. प्रमाण किलोग्रॅमची ५७ क्रमांकाची प्रत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत आहे. बाजारातील वजनाचे नाते तपासणी-मुद्रांकनाच्या साखळीने अशा प्रमाणापर्यंत पोहोचले पाहिजे, ही त्यामागची कल्पना. २० मे २०१९ पासून तर किलोग्रॅमची व्याख्या पॅरिसजवळच्या तिजोरीतील धातूच्या तुकड्यावर अवलंबून राहिलेली नाही. ती निसर्गातील एका स्थिरांकाशी जोडली गेली आहे. माप कोणाच्याही मालकीचे असू नये, हा विचार येथे शेवटच्या टोकाला गेला.

पण माप सर्वांचे झाले, तरी मोजणारा हात सर्वांचा झाला असे होत नाही. तेथून पुढे पद्धतीचा प्रश्न सुरू होतो.

त्यातला पहिला प्रश्न असा: आपण नेमके काय मोजत आहोत? बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर एक निबंध लिहिला. त्या काळी किफायतशीर धारणक्षेत्र म्हणजे एका कुटुंबाचा सुखाने निर्वाह होईल एवढी जमीन, अशी व्याख्या अर्थतज्ज्ञ करीत होते. बाबासाहेबांनी या व्याख्येच्याच मुळाशी हात घातला. शेती हा उत्पादनाचा व्यवसाय असताना तिचे माप कुटुंबाच्या उपभोगावरून कसे ठरणार, असा त्यांचा सवाल होता. जमीन लहान की मोठी हे नुसत्या एकरांवरून ठरत नाही. भांडवल, अवजारे आणि श्रम यांच्याशी तिचे प्रमाण काय आहे, यावरून ते ठरते. एकर मोजणाऱ्याने साखळी कितीही काटेकोर धरली, तरी प्रश्नच चुकीचा असेल तर उत्तर बरोबर येऊ शकत नाही. मापनपद्धतीची आखणी उपकरण हाती घेण्यापूर्वीच सुरू होते, हे या उदाहरणावरून ध्यानात यावे.

काय मोजायचे हे ठरल्यावर त्रुटींचा विचार येतो. त्रुटी दोन जातींच्या असतात आणि त्यांतला भेद समजणे अत्यंत महत्त्वाचे आहे. एकाच गोणीचे वजन पाच वेळा केले आणि दर वेळी थोडे वेगळे आले, कधी कमी कधी जास्त, तर ती विखुरलेली त्रुटी. अनेकदा मोजून सरासरी काढली की ती कमी होत जाते. परंतु काट्याचा शून्यच दोन किलोने सरकलेला असेल, तर पाचही वेळा वजन दोन किलोने चुकेल. ही एकांगी त्रुटी. हजार वेळा मोजून सरासरी काढली, तरी ती एका ग्रॅमनेही कमी होत नाही. उलट सगळी मापे एकमेकांशी जुळतात म्हणून ती खरी वाटू लागतात. आजीच्या पायलीत एकांगी त्रुटी होती. पन्नास वर्षे सातत्याने ती एकाच बाजूला झुकलेली होती, आणि त्या सातत्यालाच गाव 'रीत' म्हणत होते.

कारखान्यात या दोन त्रुटी कशा वेगळ्या काढतात, ते मी माझ्या चुलतभावाकडून शिकलो. तो एका औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगार म्हणून यंत्रावर पोलादी दांडे कापण्याचे काम करीत असे. दांड्याची लांबी २०० मिलिमीटर हवी, आणि ०.०५ मिलिमीटरपर्यंत कमी-जास्त चालेल, अशी मर्यादा होती. तो यंत्रापाशीच व्हर्नियरने लांबी तपासून दांडे पुढे पाठवी. वातानुकूलित तपासणी-खोलीत त्यांतले बरेच दांडे आखूड ठरत. 'हात बसलेला नाही' असा शेरा मारून त्याची मजुरी कापली जाई. काम शिकायला आलेल्या आपल्या पोरांना हा शेरा नवा नाही. यंत्राकडे संशय जाण्याच्या आधी तो माणसाकडे जातो, आणि माणसांतही विशिष्ट माणसांकडे आधी जातो.

पुढे माल घेणाऱ्या मोठ्या ग्राहकाच्या आग्रहाने तेथे मापनपद्धतीचीच परीक्षा घेण्यात आली. ही परीक्षा वाहन उद्योगात रूढ आहे. दहा तुकडे घ्यायचे, तीन माणसे घ्यायची, आणि प्रत्येकाने प्रत्येक तुकडा दोन-तीन वेळा मोजायचा. क्रम दर वेळी बदलायचा. हातात कोणता तुकडा आहे आणि मागच्या खेपेला काय आकडा आला होता, हे मोजणाऱ्याला कळू द्यायचे नाही. एकाच माणसाच्या आकड्यांत किती फरक पडतो आणि माणसामाणसांत किती पडतो, हे मग वेगवेगळे काढता येते. मापनाचा स्वतःचा फरक मान्य मर्यादेच्या १० टक्क्यांच्या आत असेल तर पद्धत चांगली. ३० टक्क्यांच्या वर गेला तर ती निकामी, असा प्रचलित संकेत आहे.

या परीक्षेत माझ्या भावाचा हात इतर दोघांइतकाच स्थिर निघाला. तिघांचे आकडे एकमेकांशी जुळत होते. जुळत नव्हते ते तपासणी-खोलीशी. म्हणजे विखुरलेली त्रुटी नव्हती, एकांगी होती. कारण शोधल्यावर ते भौतिकशास्त्राच्या पहिल्या वर्षाचे निघाले. यंत्रावरून उतरलेला दांडा गरम असतो. लांबीच्या मापासाठी जगभर २० अंश सेल्सियस हे प्रमाण तापमान मानतात. २०० मिलिमीटरचा पोलादी दांडा त्याहून २० अंशांनी गरम असेल, तर तो सुमारे ०.०४६ मिलिमीटर लांब भरतो. जवळजवळ सगळी मान्य मर्यादा तेवढ्यातच संपते. गरम असताना बरोबर दिसणारा दांडा गार झाल्यावर आखूड निघत होता. यंत्रापाशीची मोजणीच चुकत होती, पण ती चूक माणसाची नव्हती. दांडे पुरेसे निवू देऊन मगच मोजायचे, एवढा नियम झाला आणि प्रश्न मिटला. कापलेली मजुरी मात्र परत मिळाली नाही.

येथे एक गोष्ट आवर्जून नोंदवली पाहिजे. त्या परीक्षेचे बळ एका अटीत होते: मोजणाऱ्याला अपेक्षित उत्तर माहीत नव्हते. अपेक्षा ठाऊक असलेला हात, लबाड नसला तरी, अपेक्षेकडे झुकतो. म्हणून चांगली पद्धत मोजणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर भिस्त ठेवत नाही. प्रामाणिक माणसालाही चुकणे कठीण व्हावे, अशी ती आखलेली असते.

कारखान्यातून पुन्हा शेतात यावे, कारण विश्वासार्ह मापनपद्धतीच्या इतिहासातील एक मोठा वाद आपल्या देशातील शेतांत झाला आहे. पिकाचे उत्पादन पूर्वी नजरेने ठरवीत. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक धरून 'यंदा आठ आणे', 'यंदा दहा आणे' असा अंदाज गावचा अधिकारी लिहून देई. आपल्याकडच्या 'आणेवारी' आणि पुढे 'पैसेवारी' या शब्दांचे मूळ यातच आहे. पन्नास पैशांच्या आत की बाहेर, यावर महाराष्ट्रातील गावांची दुष्काळी सवलत वर्षानुवर्षे ठरत आली. आणि दुष्काळी काम निघते की नाही, यावर भूमिहीन मजुराची चूल अवलंबून असे. ज्याच्या नावावर एक गुंठाही नाही, त्याचे वर्ष दुसऱ्याच्या नजरेतील पैशांवर ठरत असे.

या नजरेच्या जागी मापन आणण्याचे काम १९३० आणि १९४० च्या दशकांत सुरू झाले. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी बंगालमध्ये तागाच्या आणि पुढे इतर पिकांच्या नमुना पाहण्या केल्या. दुसरीकडे सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे शेती संशोधन परिषदेत हेच काम करीत होते. पद्धत अशी, की गाव, शेत आणि शेतातील तुकडा यांची निवड कोणाच्याही मर्जीने करायची नाही. ती यादृच्छिक आकड्यांच्या तक्त्यावरून करायची. रस्त्याकडेचे शेत सोपे म्हणून, अथवा पाटलाचे शेत चांगले म्हणून निवडायचे नाही. आकडा ज्या जागेवर बोट ठेवील, तेथेच खुंटी ठोकायची. तेवढ्या तुकड्यातले पीक कापायचे, मळायचे आणि तोलायचे. यालाच पीक कापणी प्रयोग म्हणतात.

वाद झाला तो तुकडा केवढा असावा यावर. लहान तुकडे कमी खर्चात पुष्कळ घेता येतात, म्हणून महालनोबिस लहान वर्तुळांच्या बाजूचे होते. सुखात्मे यांनी प्रयोग करून दाखवले की तुकडा फार लहान असेल तर उत्पादन फुगून येते. १९४६ साली 'नेचर' या नियतकालिकात त्यांनी हे मांडले. कारण समजायला सोपे आहे. तुकड्याच्या कडेवर उभी असलेली झाडे आत धरायची की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा हात ती आत ओढतो. समजा, दोरी फक्त ५ सेंटिमीटर बाहेर सरकली. १ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात क्षेत्र सुमारे १० टक्क्यांनी वाढते. ५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात ते केवळ २ टक्क्यांनी वाढते. चूक तेवढीच, पण लहान तुकड्यात तिचे वजन पाचपट. आणि ही एकांगी त्रुटी असल्यामुळे असे हजार तुकडे घेतले तरी ती जात नाही. आज सर्वसाधारणपणे ५ मीटर लांब व ५ मीटर रुंद किंवा त्याहून मोठा तुकडा घेतात, त्यामागे हा धडा आहे. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत भरपाई ठरवताना याच कापणी प्रयोगांच्या उत्पादनाचा आधार घेतात. तेव्हा खुंटी कोठे ठोकली आणि दोरी कशी धरली, हा कोरडा तांत्रिक प्रश्न राहत नाही.

महालनोबिस यांची एक कल्पना मात्र आपल्यासारख्यांनी विशेष ध्यानात ठेवावी अशी आहे. एकाच प्रदेशाची पाहणी ते दोन स्वतंत्र तुकड्यांकडे सोपवीत. दोन्ही तुकड्यांना वेगवेगळे, पण एकमेकांत मिसळलेले नमुने दिले जात. दोघांची उत्तरे जुळली तर ठीक. फार वेगळी आली तर दोष माणसांत किंवा पद्धतीत आहे, हे उघड होई. कारखान्यातील परीक्षा आणि ही कल्पना यांचा गाभा एकच आहे. एका हाताच्या मापावर दुसऱ्या स्वतंत्र हाताचे माप ठेवायचे.

परंतु दोन हात जुळले, तरी पद्धत कोणाला प्रमाण मानून तयार केली, हा प्रश्न उरतोच. २०२० साली करोनाच्या साथीत आपल्या वस्त्यांत बोटाला लावायचे ऑक्सिमीटर पोहोचले. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या मोहिमेत आशा कार्यकर्त्या दारोदार जाऊन रक्तातील प्राणवायूची पातळी मोजीत होत्या. हे यंत्र बोटातून तांबडा आणि अवरक्त प्रकाश पाठवते व किती प्रकाश शोषला गेला यावरून पातळी काढते. प्रकाश आणि पातळी यांचे कोष्टक आधी निरोगी स्वयंसेवकांच्या बोटांवर व रक्तावर तपासून तयार केलेले असते. मात्र त्वचेतील काळे रंगद्रव्यही प्रकाश शोषते. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी रुग्णांची मापे प्रसिद्ध केली. यंत्र ९२ ते ९६ टक्के असा दिलासा देत असताना धमनीतील रक्तात प्रत्यक्ष पातळी ८८ टक्क्यांच्याही खाली असल्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांच्या मापांत ३.६ टक्के होते, तर काळ्या रुग्णांच्या मापांत ११.७ टक्के. त्या देशाच्या औषध प्रशासनाची २०१३ ची मार्गदर्शिका चाचणीत किमान दोन किंवा १५ टक्के, यांपैकी जी संख्या मोठी असेल तितकी गडद त्वचेची माणसे असावीत, एवढेच सांगत होती. जानेवारी २०२५ मध्ये अधिक व्यापक चाचण्यांचा मसुदा त्यांनी पुढे ठेवला. या यंत्रात कोणी वंशद्वेष भरला असे म्हणण्याचे कारण नाही. कोष्टक तयार करताना जी माणसे पुरेशी समोर नव्हती, त्यांच्यासाठी ते चुकले. यंत्राला जात नसते, वर्ण नसतो. परंतु यंत्राची परीक्षा कोणावर झाली, याला इतिहास असतो.

आता आपल्या स्वतःच्या मापांकडे वळू. दुसऱ्यांची पायली तपासायची आणि आपली झाकून ठेवायची, हे बरे नव्हे.

काही वर्षांपूर्वी आम्ही काही शिक्षक आणि विद्यार्थी मिळून एका वस्तीतील पाण्याच्या प्रश्नाची पाहणी करीत होतो. पाणी आणायला रोज किती वेळ लागतो, हा मुख्य प्रश्न होता. विद्यार्थ्यांचे दोन गट केले होते आणि घाईत काही घरे दोन्ही गटांच्या वाट्याला आली. संध्याकाळी कागद जुळवले, तर त्याच घरांची उत्तरे निराळी. एका गटाने लिहिलेला वेळ दुसऱ्या गटाच्या जवळजवळ दुप्पट होता. चौकशी केल्यावर कळले, की पहिला गट दारात उभा राहताच सांगत होता, "आम्ही कलेक्टरकडे निवेदन देणार आहोत." दुसऱ्या गटाबरोबर वाट दाखवायला गावातल्या वजनदार घरातला एक गृहस्थ हिंडत होता आणि त्याच्यासमोर बायका आवाज खाली घेऊन बोलत होत्या. दोन्ही आकड्यांत बोलणाऱ्या बाईपेक्षा ऐकणाराच अधिक होता.

आमच्यातील एक कार्यकर्ता मित्र म्हणाला, "सर, मोठा आकडा घ्या. अन्याय तर खराच आहे ना?" मला क्षणभर मोह झाला, हे कबूल करतो. पण मग आजीच्या पायलीवर शीग चढवणाऱ्या हातात आणि माझ्या हातात फरक काय राहिला असता? शिवाय निवेदनातील एक आकडा फुगवलेला निघाला, की उरलेले नऊ खरे आकडेही त्याच्याबरोबर टोपलीत जातात. ज्याच्या शब्दाला समाजात आधीच किंमत नाही, त्याला चुकीची चैन परवडत नाही.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही पद्धत बदलली. विचारणे बंद केले. घरे चिठ्ठ्या टाकून निवडली. प्रत्येक घरामागे एक विद्यार्थिनी पहाटे घड्याळ घेऊन बाईबरोबर हंडा उचलून चालत गेली. घरातून निघाल्याची, रांगेत उभे राहिल्याची, हंडा भरल्याची आणि परतल्याची वेळ लिहिली. तिसऱ्या दिवशी वेगळ्या विद्यार्थिनींनी तेच पुन्हा केले. जो आकडा आला, तो पहिल्या मोठ्या आकड्याहून लहान होता. पण त्यात एक गोष्ट उघड झाली, जी कोणत्याच उत्तरात आली नव्हती: चालण्यापेक्षा थांबण्यात अधिक वेळ जात होता, आणि थांबावे लागत होते ते इतरांचे भरून होईपर्यंत. आमचा मूळ प्रश्न 'पाणी किती लांब आहे' असा होता. मोजल्यावर तो 'पाण्यावर पहिला हक्क कोणाचा' असा झाला. निवेदन देताना आम्ही अधिकाऱ्यांना एवढेच म्हणालो, की आपला माणूस घड्याळ घेऊन पाठवा आणि पडताळून पाहा.

विश्वासार्ह मापाची खूण मला वाटते ती हीच. मोजणाऱ्याची पदवी, त्याचे पद किंवा त्याच्या यंत्राची किंमत यांवर ते ठरत नाही. दुसरा कोणीही, विशेषतः ज्याचे मोजले गेले तो माणूस, तीच कृती पुन्हा करून तेच उत्तर काढू शकतो की नाही, यावर ते ठरते. खळ्यावर आजीला पायली हातात घेऊन पुन्हा मोजण्याची मुभा नव्हती, आणि अन्याय तेथेच दडलेला होता.

म्हणून यापुढे कोणताही आकडा समोर आला, सरकारचा असो, कारखान्याचा असो की आपल्या संघटनेचा, तर त्याला काही प्रश्न विचारण्याची सवय आपण लावून घ्यावी. नेमके काय मोजले? कशाने मोजले आणि ते साधन कशाशी ताडून पाहिले होते? कोणाला मोजले, आणि कोण सुटले? मोजणाऱ्याला कोणते उत्तर हवे होते? दुसऱ्या स्वतंत्र हाताने ते पुन्हा मोजले काय? विद्यार्थ्यांनी हे प्रश्न प्रयोगवहीत लिहावेत, कार्यकर्त्यांनी निवेदनाच्या मसुद्याशेजारी ठेवावेत. ज्या आकड्याला यांची उत्तरे देता येत नाहीत, तो आपल्या बाजूचा असला तरी बाजूला ठेवावा आणि पुन्हा मोजायला निघावे.